रेघ सपाट आहे, डॉक्टर

५ जानेवारी २०११ ची संध्याकाळ. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातले गुडह्यू हे जेमतेम हजार वस्तीचे गाव. हाडे गोठवणारी थंडी. गावातल्या किराणा दुकानासमोरच्या फूटपाथवर चोपन्न वर्षांचा एक माणूस चालता चालता कोसळला. समोरच मोटारींचे गॅरेज होते. ते चालवणारे दोघे भाऊ गावाच्या स्वयंसेवी मदतपथकातही होते. ते धावत आले आणि त्याची छाती दाबायला लागले. हळूहळू माणसे जमली. आसपासच्या गावांतून अग्निशमन दलाचे लोक आले, पोलीस आले, रुग्णवाहिका आली. एकाचे हात भरून आले की दुसरा गुडघे टेकायचा. असे सुमारे दोन डझन लोक आळीपाळीने छाती दाबत राहिले.

साधारण अर्ध्या तासाने मेयो क्लिनिकचे हेलिकॉप्टर उतरले. त्यातल्या पॅरामेडिक आणि नर्सने शॉक दिले, औषधे दिली, श्वासनलिकेत ट्यूब टाकली. हृदय नुसते थरथरत होते, ठोका पडत नव्हता. शॉकमागून शॉक झाले, डझनाच्या घरात गेले. पाऊण तास उलटला, तास उलटला. एरवी अशा वेळी कुणीतरी घड्याळाकडे बघतो, कुणीतरी मान हलवतो आणि सगळे थांबतात. त्यात चूकही काही नसते. हृदय बंद पडून तास झालेला माणूस परत येत नाही, आणि आलाच तरी मेंदू शाबूत राहत नाही, असे बहुतेकांचे अनुभवाचे गणित असते.

इथे मात्र मॉनिटरवरचा एक आकडा त्यांना थांबू देत नव्हता. रुग्णाच्या उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा तो आकडा तिसाच्या आसपास टिकून होता. पथकाने रॉचेस्टरला मेयो क्लिनिकचे भूलतज्ज्ञ डॉ. रॉजर व्हाइट यांना फोन लावला. हृदय बंद पडलेल्या रुग्णांवर त्यांनी अनेक वर्षे काम केले होते. तो आकडा ऐकून त्यांनी प्रयत्न चालू ठेवायला सांगितले. ९६ मिनिटांनी नाडी लागली. रुग्णालयात हृदयाच्या मुख्य रोहिणीतली गुठळी काढून स्टेंट बसवला गेला, आणि दहाएक दिवसांत तो माणूस बोलत, चालत, शुद्ध डोक्याने घरी गेला. डॉ. व्हाइट आणि हेलिकॉप्टरमधल्या दोघांनी हे प्रकरण त्याच वर्षी ‘मेयो क्लिनिक प्रोसीडिंग्ज’मध्ये सविस्तर लिहिले.

वर्तमानपत्रांनी याला चमत्कार म्हटले. डॉक्टरांना तो शब्द मुळीच मानवणारा नव्हता, कारण त्यांच्यापुढे मिनिटामिनिटाचा पुरावा होता.

हा पुरावा कसला, ते समजायला शरीरातला एक साधा व्यवहार लक्षात घ्यावा लागतो. पेशी ऑक्सिजन वापरतात आणि कार्बन डायऑक्साइड टाकतात. स्वस्थ बसलेल्या मोठ्या माणसाच्या शरीरात मिनिटाला सुमारे दोनशे मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो रक्तात मिसळतो, रक्त तो फुप्फुसात आणते आणि फुप्फुस तो बाहेर सोडते. आपण आत घेतो त्या हवेत हा वायू जवळजवळ नसतोच, टक्क्याचा अर्धा दशांशही नाही. बाहेर सोडतो त्या हवेच्या अखेरच्या भागात मात्र तो पाच टक्क्यांच्या आसपास असतो. हा अखेरचा भाग थेट फुप्फुसाच्या तळातून येतो, म्हणून मोजायचे ते तिथेच. दवाखान्याच्या बोलीत याला ‘एंड टायडल’ म्हणतात. निरोगी माणसात हा आकडा पाऱ्याच्या ३५ ते ४५ मिलिमीटर दाबाइतका असतो.

म्हणजे हा वायू नाकातोंडापर्यंत यायला तीन गोष्टी चालू लागतात. पेशी जिवंत हव्यात, रक्त फिरायला हवे, आणि हवा आतबाहेर व्हायला हवी. तिन्हींची खबर एकाच आकड्यात येते. गुडह्यूच्या फूटपाथवर तो आकडा तीसच्या घरात होता, याचा अर्थ गावकऱ्यांचे हात इतके चांगले चालले होते की बंद हृदयाच्या माणसाचे रक्त फुप्फुसातून फिरत होते. मेंदूलाही काही ना काही मिळत असणार. मग थांबायचे कशासाठी?

आकड्याइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, रेघ बोलते. हा आकडा मोजणाऱ्या यंत्राच्या, म्हणजे कॅपनोग्राफच्या, पडद्यावर प्रत्येक श्वासागणिक एक आकृती उमटते. श्वास सोडायला सुरुवात झाली की आधी घशातली, नळ्यांतली हवा बाहेर येते. तिच्यात कार्बन डायऑक्साइड नसतो, रेघ शून्यावरच असते. मग फुप्फुसातली हवा येऊ लागते आणि रेघ सरळ उभी चढते. वर पोचल्यावर ती जवळपास आडवी धावते, शेवटाकडे किंचित वर जात. श्वास आत घेतला की धाडकन खाली शून्यावर. सह्याद्रीतल्या एखाद्या किल्ल्याची बाह्याकृती आठवावी: एका अंगाला कडा, माथ्यावर पठार, दुसऱ्या अंगाला कडा. पठाराच्या शेवटच्या टोकाची उंची म्हणजेच एंड टायडल. दम्याच्या रुग्णात नळ्या आवळलेल्या असल्याने हवा रखडत बाहेर पडते, तेव्हा चढणीचा कडा तिरका होतो आणि पठार गायब होते. डॉक्टर या आकृतीला शार्कचा पर म्हणतात. दमेकऱ्याला वाफेतून औषध दिल्यावर ही तिरकी चढण हळूहळू उभी होताना दिसते. ‘आता बरं वाटतंय का?’ हे त्याला धाप लागलेली असताना विचारावेही लागत नाही.

हे मोजण्यामागचे तत्त्व दीडशे वर्षांहून जुने आहे. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जॉन टिंडल यांनी १८६० च्या दशकात दाखवले की कार्बन डायऑक्साइड अवरक्त किरण शोषून घेतो, आणि हाच गुण वापरून माणसाच्या उच्छ्वासातले त्याचे प्रमाण मोजता येते. पृथ्वी तापवण्याबद्दल ज्या गुणासाठी हा वायू आज बदनाम आहे, त्याच गुणावर आयसीयूतले हे यंत्र चालते. पुढे १९३० च्या दशकाअखेरीस जर्मनीत कार्ल लुफ्ट यांनी अवरक्त किरणांवर चालणारे वायुमापक बनवले. पण ती यंत्रे अवजड, नाजूक आणि महाग होती. प्रयोगशाळेत शोभणारी, रुग्णाच्या उशाशी नेण्याजोगी नव्हती.

ती उशाशी नेली डचांनी. उट्रेख्तचे भूलतज्ज्ञ बॉब स्माल्हाउट हा मोठा भांडखोर माणूस. भूल देताना झालेल्या अपघातांच्या खटल्यांत ते तज्ज्ञ म्हणून साक्ष द्यायचे, त्यामुळे सहकाऱ्यांत फारसे लोकप्रिय नव्हते. पुढे त्यांनी ‘दे टेलेग्राफ’ या डच दैनिकात वर्षानुवर्षे स्तंभही लिहिला. १९७५ मध्ये त्यांनी झ्देनेक कालेंडा यांच्यासोबत कॅपनोग्राफीचा एक ॲटलास काढला. त्यात निरनिराळ्या प्रसंगांतल्या रेघांचे नमुने होते. भूल देताना ही रेघ बघायचीच, हा नेम सर्वांत आधी नेदरलँड्सने लावून घेतला, १९७० च्या दशकाच्या अखेरीस. अमेरिका, जिला आपण अशा बाबतीत पुढे समजतो, मागून आली.

याच कालेंडांनी १९७८ मध्ये तीन रुग्णांबद्दल छोटासा लेख लिहिला. हृदय बंद पडलेल्या रुग्णाची छाती दाबली जात असताना त्यांनी कॅपनोग्राफ चालू ठेवला होता. दाबणारा माणूस दमू लागला की आकडा उतरायचा. ताज्या दमाचा दुसरा माणूस आला की पुन्हा चढायचा. दमलेला माणूस स्वतः दमल्याचे सहसा कबूल करत नाही, विशेषतः चार लोकांसमोर. यंत्राला असली भीडभाड नव्हती. आज सीपीआरच्या, म्हणजे छाती दाबून जीव वाचवण्याच्या, मार्गदर्शक सूचना सांगतात की आकडा दहाच्या खाली असेल तर दाबण्याची खोली, वेग आणि माणूस, तिन्ही तपासा. त्या सूचनेचे मूळ त्या तीन रुग्णांत आहे.

आपत्कालीन सेवेत या यंत्राचा खरा दबदबा मात्र दुसऱ्याच कारणाने निर्माण झाला, आणि ते कारण फारसे अभिमानाचे नाही.

बेशुद्ध रुग्णाच्या घशात ट्यूब टाकायची म्हणजे काय, हे ज्याने केले नाही त्याला समजावणे अवघड. जिभेच्या मुळाशी दोन वाटा फुटतात. पुढची श्वासनलिकेची, मागची अन्ननलिकेची. दोन्हींत अंतर बोटभरही नाही. दिवसाउजेडी, नीट झोपवलेल्या, उपाशी रुग्णात भूलतज्ज्ञाला ती वाट सहसा दिसते. रात्री दोन वाजता, महामार्गाच्या कडेला, बॅटरीच्या उजेडात, रक्त आणि उलटीने भरलेल्या तोंडात, गुडघ्यांवर बसून ती शोधायची असते. ट्यूब मागच्या वाटेने गेली तर हाताने दाबून श्वास द्यायच्या ॲम्ब्यू बॅगमधली हवा पोटात जाते, फुप्फुसात एक थेंब ऑक्सिजन पोचत नाही. आणि काही मिनिटांत सगळे संपते.

ट्यूब योग्य जागी आहे ना, हे बघण्याच्या जुन्या रीती सगळ्यांना पाठ असतात. छाती वर उचलली जाते का बघा, स्टेथोस्कोपने दोन्ही बाजू ऐका, ट्यूबमध्ये वाफ धरते का पाहा. यातली एकही रीत पुरती भरवशाची नाही. पोटात शिरणाऱ्या हवेचा आवाज छातीवरही ऐकू येतो, पोट फुगताना छाती हलल्यासारखी वाटते, आणि वाफ अन्ननलिकेतल्या ट्यूबमध्येही धरते. १९९० मध्ये अमेरिकन भूलतज्ज्ञांनी नुकसानभरपाईच्या १५४१ मिटलेल्या दाव्यांची छाननी प्रसिद्ध केली. त्यातले एक तृतीयांशाहून अधिक अपघात श्वासाशी संबंधित होते, आणि त्यांत ९४ प्रसंगी ट्यूब अन्ननलिकेत गेलेली होती. अशा कितीतरी प्रकरणांत छाती ऐकून ‘ठीक आहे’ अशी नोंदही केलेली होती. हे सगळे शस्त्रक्रियागृहातले, शिकलेल्या भूलतज्ज्ञांच्या हातचे.

मग रस्त्यावर काय होत असेल? फ्लोरिडातल्या ऑरलँडोच्या डॉ. स्टीव्हन कॅट्झ आणि डॉ. जे फॉक यांनी ते मोजायचे ठरवले. रुग्णवाहिकेतून ट्यूब टाकून आलेल्या प्रत्येक रुग्णाची ट्यूब ट्रॉमा सेंटरच्या दारातच तपासायची, इतका साधा अभ्यास. २००१ मध्ये निष्कर्ष छापून आले. १०८ रुग्णांपैकी २७ जणांची ट्यूब चुकीच्या जागी होती. त्यांतल्या १८ जणांची सरळ अन्ननलिकेत. दर चार रुग्णांमागे एक. ज्यांनी त्या ट्यूब टाकल्या होत्या ते सगळे प्रामाणिकपणे असे समजत होते की आपण रुग्णाला श्वास देत आहोत.

अमेरिकेत या आकड्यांनी खळबळ उडाली. काहींनी पॅरामेडिकना ट्यूब टाकूच देऊ नका म्हटले, काहींनी अभ्यासालाच दोष दिला. ऑरलँडोच्या परिसरात मात्र पुढे एक नैसर्गिक प्रयोगच घडून आला. काही रुग्णवाहिका सेवांनी सततची कॅपनोग्राफी सुरू केली, काहींनी नाही. डॉ. साल्व्हातोरे सिल्व्हेस्ट्री आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दोन्हींची तुलना मांडली. १५३ रुग्ण. कॅपनोग्राफ न लावलेल्या ६० जणांपैकी १४ जणांची ट्यूब चुकीच्या जागी, आणि ते कुणाच्या लक्षात न आलेले. कॅपनोग्राफ सतत लावलेल्या ९३ जणांपैकी एकाचीही नाही. वैद्यकात इतका स्वच्छ निकाल क्वचितच मिळतो. शून्य हा आकडा संशोधकांना सहसा अवघडच वाटतो, पण इथे त्यावर वाद घालायला फारशी जागा उरली नाही.

त्यामागचे कारण उघड आहे. पोटात कार्बन डायऑक्साइड तयार होत नाही. ट्यूब पोटात असेल तर रेघ सपाट. अपवाद एकच, आणि तो गमतीदार आहे: रुग्णाने थोड्या वेळापूर्वी सोडा किंवा कोला प्यायला असेल तर पोटातूनही दोन-चार श्वास रेघ उमटते, मग विरते. म्हणूनच २०२२ मध्ये अनेक देशांच्या तज्ज्ञांनी मिळून केलेल्या मार्गदर्शक सूचना म्हणतात की निदान सात श्वास रेघ टिकली पाहिजे, तिची उंची पुरेशी असली पाहिजे, आणि ती उतरत जाता कामा नये. तरच ट्यूब जागेवर आहे असे माना.

इथवरची गोष्ट यंत्राच्या विजयाची वाटते. पण यंत्र समोर असूनही माणसे मरतात, आणि या विषयातला सर्वांत बोचणारा भाग तोच आहे.

ब्रिटनमध्ये २००८ ते २००९ या एका वर्षात भूल देताना, आयसीयूत आणि कॅज्युअल्टीत श्वासमार्गाचे जे जे गंभीर अपघात झाले, त्यांची देशभरातून माहिती गोळा करण्यात आली. रॉयल कॉलेज ऑफ ॲनेस्थेटिस्ट्स आणि डिफिकल्ट एअरवे सोसायटी यांचा हा अहवाल २०११ मध्ये आला. १८४ प्रकरणे तपासली गेली. आयसीयूत श्वासमार्गाच्या अपघाताने झालेल्या मृत्यूंपैकी सुमारे तीन-चतुर्थांश मृत्यूंना कॅपनोग्राफ न लावणे किंवा त्याची रेघ न समजणे कारणीभूत होते. न लावण्यावर उपाय पैशाने होतो. न समजण्याचे काय?

प्रसंग डोळ्यांपुढे आणावा. ट्यूब टाकली. रेघ सपाट. पहिला विचार येतो, यंत्र बिघडले असेल. कुणी नळी सैल झाली का बघतो, कुणी नळीत पाणी साचलेय म्हणतो, कुणी दमा आवळलाय म्हणतो. एव्हाना ऑक्सिजन घसरून हृदय मंदावलेले असते आणि थांबते. आता सगळ्यांना हवे ते उत्तर आयतेच मिळते: ‘हृदय बंद आहे, म्हणून कार्बन डायऑक्साइड येत नाहीये.’ छाती दाबायला सुरुवात होते. ट्यूब तिथेच राहते.

हे उत्तर चुकीचे आहे. हृदय बंद असले तरी छाती नीट दाबली जात असेल आणि ट्यूब श्वासनलिकेत असेल, तर थोडा का होईना कार्बन डायऑक्साइड येतोच. रेघ ठेंगणी होते, पूर्ण सपाट होत नाही. उलट पूर्ण सपाट रेघ सांगत असते की ट्यूब चुकलीय आणि हृदय त्यामुळेच थांबले आहे. कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झाली की खोलीभर तज्ज्ञ असूनही कुणाला दिसत नाही. २०२० मध्ये इंग्लंडमध्ये अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेसाठी भूल दिलेल्या एका महिलेचा मृत्यू असाच झाला. ट्यूब अन्ननलिकेत गेल्याचे वेळेत ओळखले गेले नाही. पुढच्या वर्षी मृत्यूच्या चौकशीचा अहवाल आला आणि साऱ्या ब्रिटनमध्ये भूलतज्ज्ञांनी पुन्हा एकवार कपाळाला हात लावला, कारण हा धडा त्यांनी स्वतःच दहा वर्षांपूर्वी छापला होता. ‘रेघ नाही, तर जागा चुकली’ अशा अर्थाची घोषणा तिथे भिंतींवर लावली गेली होती. आजही लावली जाते.

अशा वेळी खोलीतल्या सर्वांत धाकट्या माणसाने तोंड उघडणे महत्त्वाचे असते. मोठ्या डॉक्टरांनी टाकलेली ट्यूब चुकली असेल असे म्हणायला नर्स कचरते, शिकाऊ डॉक्टर कचरतो. ब्रिटनमधल्या आणि इतरत्र चालणाऱ्या सरावात आता ठरावीक वाक्य मोठ्याने उच्चारायला शिकवतात. मराठीत ते ‘रेघ सपाट आहे, डॉक्टर’ असे म्हणता येईल. आरोप कुणावर नाही, फक्त दिसते ते सांगायचे. ट्यूब काढून मास्कने श्वास द्यायला मिनिटही लागत नाही, आणि चुकून बरोबर जागची ट्यूब निघाली तरी ती पुन्हा टाकता येते.

आपल्याकडे या यंत्राचे नाव ऐकलेले लोक थोडे, पण त्याच्या धाकट्या भावाला महाराष्ट्रात न ओळखणारा माणूस आता सापडणार नाही. २०२० च्या सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशाताई घरोघर फिरल्या तेव्हा त्यांच्या हातात पल्स ऑक्सिमीटर होता. बोटाला चिमटा लावायचा, ९४ च्या वर असले की हुश्श. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये या यंत्राचे तत्त्व शोधले आणि त्याने असंख्य जीव वाचवले, यात शंका नाही. पण ऑक्सिमीटर रक्तात साठलेला ऑक्सिजन मोजतो. श्वास चालू आहे की नाही, हे त्याला कळत नाही. आधी भरपूर ऑक्सिजन दिलेल्या माणसाचा श्वास थांबला तरी बोटावरचा आकडा काही मिनिटे ९८, ९९ असा राजरोस दिसत राहतो. तो घसरायला लागतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. कॅपनोग्राफची रेघ मात्र पहिल्याच चुकलेल्या श्वासाला सपाट होते.

कॅज्युअल्टीत निखळलेला खांदा बसवायला, मोडलेला हात सरळ करायला गुंगीचे इंजेक्शन देतात, तिथे हा फरक जाणवतो. फिलाडेल्फियाच्या डॉ. केनेथ डाइच यांनी १३२ रुग्णांवर केलेल्या अभ्यासात, डॉक्टरांना रेघ दिसत होती त्या गटात २५ टक्के रुग्णांचा ऑक्सिजन घसरला, दिसत नव्हती त्या गटात ४२ टक्क्यांचा. श्वास मंदावल्याची खूण रेघेत ऑक्सिजन घसरण्याआधी दिसत होती. मधल्या मिनिटाभरात ‘श्वास घ्या, मोठा श्वास घ्या’ असे ओरडून रुग्णाला हलवता येते. बहुतेकदा तेवढेच पुरते.

आणखी एक सवय या रेघेने उघडी पाडली. ॲम्ब्यू बॅग हातात आली की माणूस ती भराभर दाबतो. भीती असते, घाई असते, काहीतरी करतोय असे वाटायला हवे असते. मिलवॉकीत डॉ. टॉम ऑफडरहाइड यांनी हृदय बंद पडलेल्या १३ रुग्णांच्या वेळी निरीक्षण केले तेव्हा अनुभवी पथके मिनिटाला सरासरी ३० वेळा बॅग दाबत होती. नियमाच्या निदान दुप्पट. मध्येच त्यांनी प्रशिक्षण पुन्हा दिले, तरी पुढच्या रुग्णांत सरासरी वेग २२ च्या खाली आला नाही. या जोराने छातीतला दाब वाढतो, हृदयाकडे रक्त परतत नाही. त्या १३ जणांतले कुणी वाचले नाही.

डोक्याला मार लागलेल्यांत तर हे अधिकच घातक. भराभर श्वास दिल्याने कार्बन डायऑक्साइड घटतो, आणि तो घटला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आवळतात. सॅन डिएगोत २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात डोक्याला मार लागलेल्यांना औषधे देऊन घटनास्थळीच ट्यूब टाकली गेली, आणि अपेक्षा होती त्याच्या नेमके उलट झाले. ट्यूब टाकलेल्यांतले ३३ टक्के दगावले, तुलनेसाठी घेतलेल्या तशाच जखमींतले २४ टक्के. नंतर खोलात शिरल्यावर दिसले की अतिवेगाने दिलेला श्वास आणि मधे घसरलेला ऑक्सिजन हे दोन मोठे गुन्हेगार होते. रेघ समोर ठेवून ३५ ते ४५ मध्ये राहिले की हात आपोआप आवरतो. अपघातात डोक्याला मार लागणे आपल्याकडे रोजचे आहे, त्यामुळे हा धडा फ्लोरिडातल्या कोणत्याही धड्यापेक्षा मराठी वाचकाच्या अधिक जवळचा आहे.

या आकड्यालाही मर्यादा आहेत, आणि त्या न सांगणे अप्रामाणिक ठरेल. फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत मोठी गुठळी अडकली की आकडा खाली येतो, कारण रक्तच फुप्फुसात पोचत नाही. ॲड्रेनलिन दिल्यावर तो थोडा पडतो, सोडाबायकार्ब दिल्यावर काही मिनिटे खोटाच चढतो. १९९७ मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या १५० रुग्णांवरील अभ्यासात वीस मिनिटांच्या सीपीआरनंतर ज्यांचा आकडा दहा किंवा कमी होता त्यांतले कुणीही वाचले नव्हते. हा निकाल प्रसिद्ध आहे, पुष्कळदा उद्धृत होतो. पण एकट्या त्याच आकड्यावर कुणाला मृत म्हणू नका, असे नंतरच्या मार्गदर्शक सूचना आवर्जून सांगतात. यंत्र साक्षीदार आहे, न्यायाधीश नाही.

आता आपल्या दारात. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा २०१४ च्या जानेवारीत सुरू झाली तेव्हा तिच्यात ९३७ रुग्णवाहिका होत्या, त्यातल्या २३३ प्रगत जीवरक्षक सुविधांच्या, आणि प्रत्येकीत डॉक्टर. देशात फार थोड्या ठिकाणी रुग्णवाहिकेत डॉक्टर असतो, त्यामुळे हा पाया मजबूत आहे. शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांच्या शस्त्रक्रियागृहांत कॅपनोग्राफ आता सवयीचा झाला आहे. कॅज्युअल्टी, तालुक्याचे रुग्णालय, एंडोस्कोपीची खोली, लहान मुलाला गुंगी देऊन काढायचा एमआरआय, ही मधली जागा मात्र सर्वत्र सारखी नाही. पैशाचा प्रश्न खोटा नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि भूलतज्ज्ञांच्या जागतिक महासंघाने २०१८ मध्ये भूल देण्याची मानके ठरवली, तेव्हा सततच्या कॅपनोग्राफीला सर्वोच्च दर्जा देण्याआधी त्यांनी मोकळेपणाने लिहिले की टणक आणि परवडणारी यंत्रे मिळू लागली की तो देऊ. तेव्हापासून लाइफबॉक्स आणि स्माइल ट्रेन या संस्था असे यंत्र गरीब देशांत पोचवण्याच्या मागे आहेत. जिथे तेही नाही तिथे प्लास्टिकच्या डबीतला रंग बदलणारा कागद चालतो. ट्यूबला जोडला की श्वास सोडताना तो जांभळ्याचा पिवळा होतो, श्वास घेताना पुन्हा जांभळा. नवजात बाळांसाठी तो जगभर वापरतात. काहीच नसण्यापेक्षा तो लाखपट बरा.

घरातल्या कुणाला गुंगी देऊन तपासणी करायची असेल, किंवा कुणी व्हेंटिलेटरवर असेल, तर परवानगीच्या कागदावर सही करण्याआधी एक प्रश्न विचारायला हरकत नाही: ‘इथे कॅपनोग्राफ लावता का?’ चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही.

आणि आपल्याकडे रुग्णवाहिका दान देण्याची परंपरा मोठी आहे. गणेश मंडळे देतात, साखर कारखाने देतात, आमदार-खासदार आपल्या निधीतून देतात. गाडीच्या अंगावर देणाऱ्याचे नाव हातभर अक्षरांत रंगवलेले असते. आत नेमके काय आहे, हे लोकार्पणाच्या दिवशी कुणी पाहत नाही. यंदा अशी गाडी देणार असाल तर साहित्याच्या यादीत हातात मावणारा एक कॅपनोग्राफ आवर्जून लिहा, आणि त्या गाडीवर काम करणाऱ्यांना ती रेघ वाचायला शिकवण्याचा खर्चही त्याच देणगीत धरा.